नौदलातली नोकरी: मुलाला जाऊ द्यावं का? खरे अनुभव सांगा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मी सांगलीची. मुलगा बारावी सायन्सला आहे आणि वर्षभर त्याने एकच धोशा लावलाय. एनडीएची परीक्षा द्यायची आणि पसंतीक्रमात नौदल पहिलं लिहायचं. तिथे नाही जमलं तर जेईई मेनच्या रँकवर केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीतली बी.टेक. एंट्री, आणि तीही हुकली तर अग्निवीर. रस्ते तीन, पण सगळे पाण्याकडेच जातात.

आमच्याकडे सैन्य नवीन नाही. माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. पण समुद्राशी आमचा संबंध गणपतीपुळ्याला पाय भिजवण्यापुरता. ह्यांचा ठाम विरोध आहे. "सहा-सहा महिने पोरगा दिसणार नाही, आणि काही झालं तर आपल्याला कळणारही नाही." मुलगा म्हणतो, बाबांना मर्चंट नेव्ही आणि इंडियन नेव्ही यातला फरकच माहीत नाही. रोज रात्री ताटावर हाच विषय, आणि दोघंही बोलतात माझ्याकडे बघून.

क्लासेसची नावं नकोत, ती कुठेही मिळतात. ज्यांनी स्वतः नोकरी केली, किंवा ज्यांच्या घरातलं माणूस नौदलात होतं, त्यांनी सांगा. चांगलं-वाईट दोन्ही. पुन्हा निवड करायची झाली तर तेच कराल का?

चिवडा
पोहता येतं का त्याला? कृष्णाकाठी राहून येत नसेल तर आधी तेवढं उरकून घ्या. बाकी जाणकार येतीलच. मी पुढच्या रांगेत जागा धरून बसलोय.

मर्चंटवाला
ताई, फरक मी सांगतो, कारण मी दुसऱ्या बाजूचा. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहतूक. कंपनीशी करार, चार-सहा-नऊ महिने जहाजावर, मग घरी. घरी असताना बऱ्याच जणांना पगार नसतो. वर्षातले पुरेसे दिवस देशाबाहेर भरले तर करात मोठी सवलत मिळते. पेन्शन नाही. आणि तुमच्या ह्यांना जे सहा महिन्यांचं वाटतंय ते खरं तर आमचं आहे. नौदलाची जहाजं इतकी सलग बाहेर सहसा राहत नाहीत. त्यांचं जाणं-येणं तुटक असतं, पण आधी सांगून नसतं.

केवळ पैशाचं बोलायचं तर माझ्या बरोबरीच्या नौदल अधिकाऱ्यापेक्षा मी जास्त कमावलं, यात लपवण्यासारखं काही नाही. सब-लेफ्टनंटचं, म्हणजे नव्या अधिकाऱ्याचं, मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपये, वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५०० आणि इतर भत्ते. चांगला पगार आहे. पण पैसा हेच कारण असेल तर मुलाला आमच्याकडे पाठवा.

दर्यावर्दी_सातारा
ताई, मी बत्तीस वर्षं काढली. १९८७ साली आर्टिफिसर अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून गेलो, मास्टर चीफ, म्हणजे खलाशांतल्या वरच्या हुद्द्यावर पोचून बाहेर पडलो. इंजिनरूमचा माणूस. म्हणजे समुद्रावर इतकी वर्षं राहून समुद्र सगळ्यात कमी पाहिलेल्यांपैकी.

आमचं मुख्य शिक्षण लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. सातारच्या पोराला वाटलं होतं नौदलात गेलो की समोर समुद्र. बघतो तर डोंगर, धुकं आणि पाऊस. तिथे गेटबाहेर पडायचं तरी "किनाऱ्यावर जातो" म्हणायचं, कारण नौदलाच्या लेखी ते ठाणंसुद्धा जहाजच.

पहिलं खरं जहाज मिळालं ते निलगिरी वर्गातलं, माझगाव डॉकमध्ये बांधलेलं, वाफेवर चालणारं. बॉयलररूममध्ये उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकायचा. चार तास वॉच, म्हणजे पाळी, आठ तास सुटी, असं कागदावर. त्या आठ तासांत दुरुस्ती, साफसफाई, कवायती, आणि उरलं तर झोप. मिडल वॉच म्हणजे रात्री बारा ते पहाटे चार. त्या वेळी लोखंडी शिडी उतरताना कठडा इतका तापलेला असायचा की हातात कापसाचा जुडगा धरल्याशिवाय उतरता येत नसे. बेअरिंग तापलंय का हे बघायला तापमापक असतो, पण जुना चीफ आधी हाताचा मागचा भाग टेकवून बघायचा. "तापमापक खोटं बोलेल, कातडी नाही बोलणार," असं तो म्हणायचा. पुढे मीही पोरांना तेच शिकवलं.

एक गोष्ट जमिनीवरच्या माणसाला पटत नाही. यंत्रांच्या त्या गोंगाटात आम्ही गाढ झोपायचो. आणि अचानक आवाज थांबला की सगळं मेसडेक, म्हणजे आमची जेवायची-झोपायची जागा, एकदम उठून बसायचं, कुणी हाक न मारता. आजही रात्री लाइट गेली आणि पंखा थांबला की मी ताडकन जागा होतो.

वाईट विचारलंत तर सांगतो. १९९६ साली वडील गेले तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो. संदेश आला, कॅप्टनसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून स्वतः सांगितलं, बसवून चहा दिला. जवळच्या बंदरापासून आम्ही पाच दिवस लांब. तिथून विमान, रेल्वे, एसटी असं करत घरी पोचलो तो तेराव्याला. थोरला मुलगा मी. अग्नी धाकट्याने दिला. यात कुणाची चूक नव्हती, म्हणून राग धरायला माणूसही नाही. तेवढं एक अजून आत बसलेलं आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं ते वेगळं, त्याचं मला काही वाटत नाही.

चांगलं? सतराव्या वर्षी दहावी पास पोरगा गेलो होतो. हातात असं कसब आलं की सुटल्यावर दुसऱ्या महिन्यात एका कारखान्याच्या पॉवर प्लँटमध्ये काम मिळालं. खलाशाला पंधरा वर्षांच्या सेवेवर पेन्शन लागू होते, माझी तर दुप्पट झाली. दवाखाना, कॅन्टीन, मुलांची शिक्षणं, सगळं निभावलं. आणि परत निवड करायची तर? हो, हेच. फक्त वडिलांना त्या वर्षी दिवाळीत रजा टाकून भेटलो असतो.

चिवडा
दर्यावर्दी काका, तो कापसाचा जुडगा डोळ्यांसमोर आला. अजून लिहा हो.

बंदराची_सून
कृष्णाकाठ ताई, मुलगा जाईल तो जाईलच, पण पाच-सात वर्षांनी त्याच्याबरोबर एक मुलगी जाईल. तिच्या वतीने मी लिहिते.

१९९९ ला लग्न झालं. मुंबई, विशाखापट्टणम, कोची, परत विशाखापट्टणम, पोर्ट ब्लेअर, कारवार, मुंबई. आमच्या घरात काळ्या लोखंडी ट्रंका आहेत, अकरा. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने ह्यांचं नाव, हुद्दा आणि पुढचं ठिकाण. बदली झाली की जुन्या ठिकाणावर काळा रंग मारायचा आणि नवीन लिहायचं. एका ट्रंकेवर रंगाचे इतके थर बसलेत की उन्हात तिरकं बघितलं तर खालचं "विशाखापट्टणम" अजून उठून दिसतं. हुद्दासुद्धा तसाच, लेफ्टनंटवर लेफ्टनंट कमांडर, त्यावर कमांडर.

मी बी.एड. आहे. सहा शाळांमध्ये शिकवलं. प्रत्येक ठिकाणी नवीन, प्रत्येक ठिकाणी सगळ्यात ज्युनियर. ह्यांची बढती ट्रंकेवर रंगली, माझी कुठेच लिहिली गेली नाही. हा तोटा भरती करणारे सांगत नाहीत.

सुरुवातीच्या वर्षांत फोन नसायचा. पत्र फ्लीट मेल ऑफिसच्या पत्त्यावर टाकायचं, ते जहाज जिथे असेल तिथे यथावकाश पोचायचं, कधी पाच-सहा पत्रांचा गठ्ठा एकदम. एका सीनिअर वहिनींनी शिकवलं की पाकिटाच्या मागे नंबर घालत जा, म्हणजे ते क्रमाने वाचतील. नाहीतर "बाळाचा ताप उतरला" आधी आणि "बाळाला ताप आलाय" नंतर वाचायचे. पुढे ईमेल, व्हॉट्सअॅप आलं, पण जहाज कुठे आहे, कधी येणार हे फोनवर विचारायचं नाही आणि त्यांनी सांगायचं नाही. "लवकर येतो" यातल्या आवाजावरून आपण ओळखायचं.

आणि आता दुसरी बाजू. धाकटीच्या वेळी रात्री दोनला कळा सुरू झाल्या. हे समुद्रात. शेजारची पंजाबी वहिनी नाइटीवरच गाडी काढून आली, समोरची तमिळ अक्का थोरल्याला घेऊन गेली आणि तीन दिवस तिनेच सांभाळला. सासर-माहेरचं कुणी पोचायच्या आत सगळं पार पडलं होतं. मी गावात राहिले असते तर नातेवाईक खूप असते. पण रात्री दोनला न बोलावता धावून येणारी माणसं मला नौदलाच्या वसाहतीतच मिळाली.

घाटावरचा
सगळे जुन्या काळचं सांगताहेत. अग्निवीरचं कुणीतरी बोला. २०२२ पासून खलाशाची भरती त्याच वाटेने आहे. माझा पुतण्या ओडिशात चिल्क्याला ट्रेनिंग करून आता जहाजावर आहे. करार चार वर्षांचा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले ९,००० निधीत जातात, हातात २१,०००. सरकार निधीत तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याज सोडून १० लाख ४ हजार मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. चारातल्या जास्तीत जास्त एकाला पुढे कायम करणार.

पोरगा कष्टाळू आहे, शिकतोयही. पण गेल्या रजेत आला तेव्हा म्हणाला, "काका, मेसमध्ये चौघं जेवायला बसलो की मनात येतं, यातला एकच राहणार." बावीस वर्षांच्या मुलाच्या तोंडी हे ऐकून मला घास गिळवेना. ज्या जहाजावर एकमेकांच्या भरवशावर जगायचं, तिथे शेजारच्याशीच स्पर्धा लावायची हे मला पटत नाही.

दर्यावर्दी_सातारा
घाटावरचा, तुमचं दुःख समजतं. माझंही मत असंच आहे की इंजिनरूमचा माणूस चार वर्षांत जेमतेम उभा राहायला लागतो, आणि नेमका तेव्हाच तो सोडायचा. आम्हाला पहिली तीन-चार वर्षं कुणी पान्यालासुद्धा एकट्याने हात लावू देत नसे. पण पुतण्याला एक सांगा. या चार वर्षांत जे जे कोर्स, जी जी प्रमाणपत्रं मिळतील ती सगळी पदरात पाडून घे. आणि काम असं कर की त्याच्यावाचून चीफचं अडलं पाहिजे.

ताई, तुमच्या मुलासाठी म्हणाल तर मी अग्निवीर हा शेवटचाच पर्याय ठेवीन. पीसीएम आहे, वय आहे, तर आधी अधिकाऱ्याचे दोन दरवाजे नीट ठोठावू द्या.

लेफ्टनंट_ताई
मी शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांसाठीची अधिकारी होते, लॉजिस्टिक्स शाखेत. आधी गोव्याला, तेव्हा नौदल अकादमी तिथे होती, मग शाखेचं प्रशिक्षण मालाडला आयएनएस हमलावर. तेव्हा दहा वर्षं, त्यापुढे फार तर चार वाढवून मिळायची. मी दहा करून २०१६ ला बाहेर पडले. नौदलात स्त्री अधिकारी १९९२ पासून आहेत, पण कायम कमिशनसाठी फार झगडावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०२० मध्ये आला. माझ्यासाठी चार वर्षं उशिरा.

चौतिसाव्या वर्षी मुलाखतीला बसले तेव्हा समोरच्या माणसाने विचारलं, "म्हणजे तुम्ही नेमकं काय करत होता?" शेकडो माणसांचं रेशन, सुटे भाग, पगार, सगळं वेळेवर बंदरात हजर ठेवत होते, हे त्याला समजेल अशा शब्दांत मांडायला मला वर्ष लागलं. अधिकाऱ्याची पेन्शन वीस वर्षांनंतर, त्यामुळे हातात तीही नाही.

तरीही मला ही नोकरी हवीच होती. चोविसाव्या वर्षी इतकी मोठी जबाबदारी मला दुसरीकडे कोण देणार होतं? एकदा पहाटे जहाज सुटायच्या दोन तास आधी ताज्या भाजीचा ट्रक आलाच नाही. मी आणि एक पेटी ऑफिसर धक्क्यावरून धावलो, जिथून मिळेल तिथून उचललं, आणि गँगवे काढायला माणसं उभी होती तेव्हा शेवटचं कांद्याचं पोतं वर चढलं. कोबी-फ्लॉवर मात्र मिळालाच नाही. पुढचे बारा दिवस सगळ्या जहाजाने मला त्यावरून चिडवलं.

धाग्यावर मुलींच्या आया असतील तर त्यांच्यासाठी: आता एनडीएतही मुली आहेत, त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. आणि आयएनएसव्ही तारिणी या शिडाच्या बोटीतून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परतल्या. ती बातमी मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये वाचली आणि माझा मजला निघून गेला.

लाटालाटा
शिडाचा विषय निघालाय तर दिलीप दोंदे यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. नौदलाचा अधिकारी, म्हादेई बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा, २००९-१०. असं करणारे ते पहिले भारतीय. मराठी माणूस!

चिवडा
विषयांतराची माफी, पण एक शंका कधीची छळतेय. नौदलात दाढी चालते ती कशी? आर्मीत तर शीख वगळता सहसा चालत नाही.

दर्यावर्दी_सातारा
चालते, पण रीतसर अर्ज करून. कमांडिंग ऑफिसरची परवानगी घ्यायची, मग वाढवायची, आणि दाढीबरोबर मिशीही हवी, नुसती हनुवटी नाही. नीट भरली नाही तर "काढून टाक" म्हणतात. आमच्यातल्या एकाची फक्त उजवीकडे भरली, डावीकडे टक्कल. तीन आठवडे सगळं जहाज त्याच्या डाव्या गालाकडे बघून अंदाज बांधायचं. शेवटी काढली बिचाऱ्याने.

तळघर
पाणबुडीवाला आहे, म्हणून नाव तळघर. आमच्याकडे स्वतःहून पुढे आलेलेच लोक घेतात. विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर शिकवतात, मग बोटीवर जाऊन प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक पाइप कुठून कुठे जातो ते पाठ करायचं. डोळे बांधले तरी हात बरोबर जागी गेला पाहिजे. तेव्हा छातीवर डॉल्फिनचं चिन्ह लागतं. पाणबुडीला आम्ही "बोट"च म्हणतो.

त्रास खरेखुरे सांगतो. जुन्या डिझेल बोटींवर गोडं पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला, अंघोळ विसरा. बंक माणसांपेक्षा कमी, त्यामुळे एक वॉचला गेला की त्याच्या ऊबदार अंथरुणात दुसरा. दिवस-रात्र फक्त घड्याळात. स्नॉर्कल, म्हणजे हवा घ्यायची नळी, वर काढून डिझेल चालवत असताना एखादी लाट डोक्यावर आली की झडप बंद होते, इंजिन बोटीतलीच हवा ओढायला लागतं आणि सगळ्यांचे कान एकदम दडे बसल्यासारखे होतात. नवीन पोरगा घाबरतो, जुना जेवता जेवता नुसतं जांभई देऊन कान मोकळे करतो. घरी गेल्यावर आई दारातच म्हणायची, "आधी कपडे बाहेर काढ." डिझेलचा वास बॅगेतल्या न वापरलेल्या कपड्यांनाही असायचा.

आणि ताई, धोक्याचं तुमच्या ह्यांना खोटं सांगू नका. १४ ऑगस्ट २०१३ च्या रात्री मुंबईत सिंधुरक्षक पाणबुडीवर स्फोट झाले. समुद्रात नाही, धक्क्याला बांधलेली असताना. अठरा जण गेले. त्यातल्या एकाबरोबर मी बंक वाटून घेतला होता. पुढच्या महिन्यात मला सेलिंग होतं. बायको काही बोलली नाही, फक्त त्या वेळी पहिल्यांदा स्टेशनवर सोडायला आली नाही. मी गेलो. का गेलो ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्या जागी दुसरं कुणी तरी गेलं असतं आणि ते मला सहन झालं नसतं, इतकंच कळतं.

मर्चंटवाला
तळघर, तुम्हाला नमस्कार.

मी वर पैशाचं लिहिलं, ते अर्धवट राहिलं. सोमाली चाच्यांचा धुमाकूळ होता त्या वर्षांत आम्ही एडनच्या आखातातून जायचो. जहाजाभोवती काटेरी तारा गुंडाळलेल्या, होज पाइप चालू, रात्री सगळे दिवे विझवलेले. एका पहाटे दोन छोट्या बोटी मागे लागल्या. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर मदत मागितली आणि उत्तर आलं ते चक्क आपल्या इंग्रजीत, त्या "व्ही" आणि "डब्ल्यू"सकट. भारतीय युद्धनौका. आपलं नौदल तिथे २००८ पासून गस्त घालतंय. तासाभरात त्यांचं हेलिकॉप्टर डोक्यावर आलं आणि त्या बोटी वळल्या. आमचा फिलिपिनो बोसन, डेकवरच्या खलाशांचा मुकादम, डेकवर गुडघे टेकून रडला. मी त्या जहाजावरच्या कुणालाही कधी भेटलो नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये पळवलेल्या रुएन जहाजावरच्या ३५ चाच्यांना आयएनएस कोलकाता आणि नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी शरण आणलं, १७ खलाशी सुखरूप सोडवले. ती बातमी मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. त्यामुळे नौदलात मिळतं काय याचं उत्तर पगाराच्या चिठ्ठीवर शोधू नका, एवढंच मला आधी लिहायचं राहिलं होतं.

बंदराची_सून
हे वाचून काटा आला. २०२० च्या मे महिन्यात आयएनएस जलाश्व मालदीवहून ६९८ माणसं घेऊन कोचीला आलं तेव्हा आम्ही टीव्हीसमोर बसून होतो. त्यात गरोदर बायका होत्या, लहान मुलं होती. आणि त्या जहाजावरच्यांच्या बायका घरात बसून करोनाच्या आकड्यांकडे बघत होत्या, हेही मला माहीत आहे.

नौसैनिकाची_लेक
सगळं वाचलं. सगळं खरं आहे. पण सगळे मोठी माणसं आहेत आणि सगळ्यांनी निवड केली होती. वहिनींनीसुद्धा, निदान लग्न तरी. मी नव्हती केली.

माझे बाबा चीफ पेटी ऑफिसर होते. मी पाच शाळा बदलल्या. बारा वर्षांची होईपर्यंत बाबा म्हणजे घरी येणारे एक प्रेमळ पाहुणे. ते आले की घराचे नियम बदलायचे, टीव्हीची वेळ बदलायची, आई वेगळ्या आवाजात बोलायची. आणि आम्हाला सवय होते ना होते तोच ते जायचे. दारात आले की मी पहिला प्रश्न विचारायचे, "बाबा, परत कधी जाणार?" त्यांचा चेहरा पडायचा. त्यांना वाटायचं मला ते नकोत. मला फक्त दिवस मोजायचे होते. किती मिळणार तेवढं आधी कळलं की मी ते पुरवून वापरायचे. हे त्यांना सांगायला मला पंचविसावं वर्ष उजाडलं.

चोवीस तास अभिमान वाटून घ्यायची सक्ती होते, त्याचाही थकवा येतो. शाळेत ४ डिसेंबरला नौदल दिनाचं भाषण दर वर्षी माझ्याच गळ्यात. १९७१ चा कराचीवरचा हल्ला मी पाठ म्हणायचे आणि घरी येऊन आईला विचारायचे, बाबांचं पत्र आलं का.

दर्यावर्दी_सातारा
पोरी, तुझं वाचून मी उठून बाहेर जाऊन आलो. माझी मुलगी असंच विचारायची. तीस वर्षं मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. आज फोन करतो तिला.

चष्मेवाला
मूळ प्रश्नाकडे येतो. एक व्यावहारिक गोष्ट कुणी लिहिली नाही. माझ्या भाच्याने लेखी काढली, पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, काढली, शिफारस झाली, आणि मेडिकलमध्ये रंगांधळेपणा निघाला. लाल-हिरव्यातली एक छटा. अठरा वर्षं घरात कुणाला पत्ता नव्हता. नौदलात रात्रीचे दिवे लाल-हिरवेच, त्यामुळे तिथे सवलत नाही. त्या मुलाने खोलीत लावलेली जहाजांची सगळी चित्रं एका दुपारी स्वतः उतरवली. हे टाळता आलं नसतं, पण दोन वर्षं आधी कळलं असतं तर त्याने स्वप्नच वेगळं पाहिलं असतं. ताई, या आठवड्यात डोळे तपासून घ्या. रंगांची चाचणी मुद्दाम मागून घ्या, ती नेहमीच्या चष्म्याच्या तपासणीत करत नाहीत.

लाटालाटा
आणि बोट लागण्याचं? माझं मांडव्याच्या लाँचमध्येच पोट ढवळतं.

तळघर
लागते, बहुतेकांना लागते. नेल्सनलाही लागायची म्हणतात. जहाजाच्या मध्यावर थांबायचं, क्षितिजाकडे बघायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही, कोरडं काहीतरी चघळत राहायचं. आणि काम करत राहायचं. बादली शेजारी ठेवून वॉच करणारे मी बरेच पाहिलेत. दोन-तीन दिवसांत शरीर जुळवून घेतं. पाणबुडी खोल गेली की हलतच नाही, हा आमच्याकडचा फायदा.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार कसे मानू? मुलाने रात्री दोनपर्यंत जागून पूर्ण धागा वाचला. सकाळी चेहरा उतरलेला होता. मला वाटलं माघार घेतोय. म्हणाला, "आई, दर्यावर्दी काकांच्या वडिलांचं वाचून झोप नाही लागली." मग थोड्या वेळाने, "पण मला जायचंय."

चष्मेवाला, काल मिरजेला जाऊन रंगांची चाचणी केली. ठिपक्यांमधले आकडे तो धडाधड वाचत होता आणि मी मागच्या खुर्चीत श्वास धरून. व्यवस्थित आहे. पोहायला सोमवारपासून जातोय, चिवडा.

एनडीएचा अर्ज भरून झाला. ह्यांनी अडवलं नाही, पण बोललेही नाहीत. आज मात्र मोबाइल मागून घेतला आणि दोन तास खाली मान घालून वाचत बसले. आता म्हणताहेत मला काहीतरी लिहायचंय. खालचं त्यांचं आहे, मी फक्त टाइप करते.

"नौसैनिकाची लेक हिला विचारायचं आहे. बेटा, तुझे वडील आता घरी असतात का? कसे आहेत?"

नौसैनिकाची_लेक
काका, घरीच असतात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. बरे आहेत, गुडघे दुखतात.

रोज पहाटे पावणेचारला उठतात. घड्याळ लावलेलं नसतं. मॉर्निंग वॉच चारला सुरू होते ना, त्याच्या आधी. उठून गॅसचा नॉब बघतात, पाण्याच्या टाकीचा आवाज ऐकतात, दाराची कडी हाताने चाचपतात. मग माझ्या मुलीच्या खोलीच्या दारात थोडं थांबतात आणि परत येऊन झोपतात. आई म्हणते, आता कसली वॉच? ते काही बोलत नाहीत.

परवा माझ्या मुलीने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही परत कधी जाणार?" म्हणजे गावाला, आमच्या घरून. मी स्वयंपाकघरात होते. हातातलं तसंच ठेवून ऐकत राहिले. बाबा म्हणाले, "रविवारी. म्हणजे अजून पाच दिवस आहेत. मोजू या?"